मृगाआधीची बंदूक: तेल कुठं, मेण कुठं

२०१९ च्या लोकसभेची आचारसंहिता लागली तेव्हा आमची दुनळी बारा बोअर मी पोलीस ठाण्यात जमा केली. मेअखेर आचारसंहिता उठली. तेव्हाच जाऊन आणायला हवी होती, पण पेरणी आली, मग भाताची रोपलावण आली, आणि ऑगस्टात महापूर आला. बंदूक हातात आली ती सप्टेंबरात. डाव्या नळीवर, पट्ट्याची कडी टेकते तिथं, बोटाएवढा तांबडा ओघळ होता. नळीखालचं लाकूड काढलं तर आत त्याहून जास्त. ठाण्यातल्या लोकांनी काहीच वाकडं केलं नव्हतं. शेतातून आणली तशीच, वरून भरपूर तेल चोपडून, कापडी पिशवीत घालून मीच ती दिली होती.

आमचे आप्पा, म्हणजे माझे चुलते, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी नळीवरून अंगठा फिरवला आणि एवढंच विचारलं, "तेल लावलंस. पण आधी पुसलंस का?"

तेव्हापासून पाच-सहा पावसाळे ही बंदूक मी स्वतः सांभाळतोय. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, भुदरगड या भागांत पीकसंरक्षणाचा परवाना असलेली घरं बरीच आहेत. वडिलांच्या माघारी परवाना मुलाच्या नावावर होतो, बंदूक हातात येते, पण ती सांभाळायची कशी हे कुणी सांगत नाही. हा लेख त्या मुलांसाठी आहे. शहरात नव्यानं नेमबाजी शिकणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

आधी थोडं कारण समजून घ्या

लोखंड गंजायला हवा आणि ओल, दोन्ही लागतात. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की गंजाचा वेग एकदम वाढतो. आपल्याकडं जुलै-ऑगस्टात ती ८०-९० टक्के असते आणि आठवडेच्या आठवडे उतरत नाही. म्हणजे पाऊस अंगावर पडला नाही तरी बंदूक भिजतच असते.

त्यात मीठ आलं की संपलंच. घामात मीठ असतं, आणि मीठ हवेतली ओल ओढून घेतं. हातात धरलेल्या जागी बोटांचे ठसेच्या ठसे गंजून उमटतात ते यामुळं. तेल मिठाला विरघळवत नाही. मिठावर तेल लावलं तर मीठ तेलाखाली सुरक्षित बसतं आणि आपलं काम करत राहतं. आप्पांच्या प्रश्नाचा अर्थ हाच होता.

नळीवरचा काळा-निळा रंग, ज्याला ब्लूइंग म्हणतात, तो गंज अडवतो असा समज आहे. तोही लोखंडाच्या ऑक्साइडचाच एक थर असतो, फार पातळ. त्याचं मोठं काम म्हणजे तेल धरून ठेवणं. कोरडा ब्लूइंग केलेला भाग पावसाळ्यात तांबडा व्हायला वेळ लागत नाही.

१. बंदूक रिकामी करा, कागद तपासा

बंदूक मोडून (म्हणजे उघडून) दोन्ही नळ्या डोळ्यांनी बघा, मग करंगळी घालून बघा. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. नळीचं तोंड कुणाकडंही नको, रिकामी असली तरी. घरात लहान पोरं असतील तर दार लावून बसा.

परवान्याची मुदत बघून घ्या. मुदत संपलेली असेल तर बंदूक घरात ठेवणंच बेकायदा आहे, मग साफसफाई दूरची गोष्ट. आणि परवाना नसलेल्या कुणाच्या हातात, "एवढी पुसून दे" म्हणूनसुद्धा, ती सोडून जाऊ नका. गावातला मिस्त्री कितीही हुशार असला तरी नको. दुरुस्ती लागली तर परवानाधारक शस्त्र दुकानदाराकडंच.

२. सामान

- जोडाचा गज (सफाईची काठी), बारा बोअरचा तांब्या-पितळेचा ब्रश
- जुन्या सुती धोतराच्या किंवा बनियनच्या चिंध्या, धुतलेल्या आणि खडखडीत वाळलेल्या
- जुना दात घासायचा ब्रश
- मिनरल टर्पेंटाइन, जुनं तेल आणि मळ काढायला
- पातळ गन ऑईल. नाहीच मिळालं तर शिलाई मशीनचं चांगलं तेल थोड्या दिवसांसाठी चालतं
- मायक्रोक्रिस्टलाइन मेण (संग्रहालयं शस्त्रांवर लावतात ते), छोटी डबी
- सिलिका जेल (ओल शोषून घेणारे दाणे)
- सुती हातमोजे

शस्त्राच्या दुकानात गन ऑईल मिळतंच. पण एक गोष्ट मला फार उशिरा कळली: गंजाशी रोजची लढाई करणारी माणसं आपल्या कोल्हापुरातच, शिवाजी उद्यमनगरच्या कारखान्यांत बसलीयत. लेथवरून उतरलेलं, घासून चकचकीत केलेलं कास्टिंग पावसाळ्यात एका रात्रीत तांबडं पडतं. त्यावर ते आरपी ऑईल मारतात, म्हणजे रस्ट प्रिव्हेंटिव्ह, आणि व्हीसीआय कागदात गुंडाळतात. या कागदातून निघणारी वाफ बंद जागेत धातूवर बसून गंज अडवते. बरेच दिवस ठेवून द्यायच्या बंदुकीला या दोन्ही गोष्टी उपयोगी पडतात. कागद मात्र बंद डब्यातच काम करतो. डबा रोज उघडलात तर त्याचा दम लवकर संपतो.

आता काय वापरू नये ते. ही यादी अनुभवाची आहे, यातल्या काही गोष्टी आमच्याच घरात झाल्यात.

खोबरेल नको. थंडीत ते थिजतं आणि घोड्याच्या यंत्रणेत मेणासारखं अडकतं. गोडेतेल, करडई, जवस यांपैकी कुठलंही खाद्यतेल नको. हवेनं ते चिकट होतं, खवट होतं, आणि खवट तेलातली आम्लं धातूला खातात. गॅरेजमधलं जळालेलं ऑईल अजिबात नको. त्यात काजळी आणि आम्लं दोन्ही असतात. आणि चिंच किंवा लिंबू? तांब्याची घागर घासल्यासारखी बंदूक चिंचेनं घासणारे लोक मी बघितलेत. गंज जातो, त्याबरोबर ब्लूइंगही जातं, आणि उघडं पडलेलं पोलाद आठ दिवसांत आधीपेक्षा जास्त गंजतं.

डब्ल्यूडी-४० बद्दल नेहमी विचारलं जातं. नावातले 'डब्ल्यूडी' म्हणजे पाणी हटवणं आणि ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नाला जमलेला फॉर्म्युला. १९५३ मधला. पाणी हटवायला तो चांगलाच आहे. पण मागं राहणारा थर फार पातळ असतो, त्याच्या भरवशावर पावसाळा काढू नका. फवारा, पुसा, आणि मग खरं तेल लावा.

३. मीठ, मळ आणि ओल काढा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या.

नळीखालचं लाकूड काढा, नळ्या वेगळ्या करा. एवढं पुरे. आतले स्क्रू उघडायच्या फंदात पडू नका. त्यांची डोकी पातळ स्क्रू ड्रायव्हरनं एकदा खराब झाली की कायमची.

नळीत टर्पेंटाइनची चिंधी फिरवा, दहा मिनिटं थांबा, मग ब्रश. ब्रश चेंबरच्या (काडतूस बसतं त्या) बाजूनं घालून तोंडातून पार बाहेर काढायचा, मध्येच उलटा फिरवायचा नाही. मग चिंध्या. पहिली काळी येईल, दुसरी करडी. चौथी-पाचवी पांढरी यायला लागली की उजेडाकडं धरून नळीतून बघा. आरशासारखी वलयं दिसली पाहिजेत. कुठं खरखरीत काळपट ठिपका दिसला तर तो मळ आहे की खड्डा, हे चिंधी त्यावर अडकते का यावरून कळतं.

ठासणीची (तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक असेल तर पद्धत वेगळी. काळ्या दारूची राख क्षारांनी भरलेली असते आणि ते क्षार फक्त पाण्यात विरघळतात. बार काढल्यावर त्याच दिवशी नळी कडकडीत गरम पाण्यानं धुवायची. गरम पाण्याचा फायदा म्हणजे नळी तापते आणि लगेच वाळते. मग चिंध्या, मग तेल. जुन्या काळातली काही काडतुसंही अशीच, त्यांच्या टोपीतल्या रसायनाचं मीठ मागं राहायचं. आजोबांच्या पेटीत सापडलेली काडतुसं उडवूच नका, दुकानदाराला दाखवा.

बाहेरच्या बाजूला सगळा मळ बसतो तो चार ठिकाणी: नळ्यांच्या मधली पट्टी, चापाभोवतीची कडी, पट्ट्याच्या कड्या आणि लाकूड-लोखंडाचा सांधा. दातांच्या ब्रशनं तिथं टर्पेंटाइन फिरवा. लाकडावर ते लागू देऊ नका.

इथून पुढं हातमोजे घाला. पुसून झालेल्या नळीवर उघडा हात ठेवला की सगळं मुसळ केरात.

४. गंज आधीच चढला असेल तर

हलका तांबडा गंज असेल तर तेल लावून रात्रभर मुरू द्या. सकाळी तांब्याच्या पट्टीच्या गोल केलेल्या कडेनं हळूहळू खरवडा. तांबं पोलादापेक्षा मऊ असल्यानं ओरखडे उठत नाहीत. माझ्या नळीवरचा तो बोटभर ओघळ आप्पांनी जुन्या तांब्याच्या पैशानं काढला. व्हरांड्यात बसून, तेल टाकत, दोन दिवस. गंज गेला, पण खाली नखाएवढा करडा डाग राहिला. तो आजही आहे.

पट्टीनं निघाला नाही तर सगळ्यात बारीक, चार शून्यांची स्टील वूल, भरपूर तेलात भिजवून, दाब न देता. सँडपेपर नाही, एमरी नाही. आणि नळीच्या आत खोल खड्डे दिसत असतील तर बंदूक बाजूला ठेवा, ती जाणकाराला दाखवल्याशिवाय उडवायची नाही.

५. आत तेल

आता मुख्य प्रश्न. तेल की मेण? दोन्ही, पण वेगवेगळ्या जागी.

तेल सरकतं. बारीक फटीत शिरतं, हलणाऱ्या भागांत फिरतं, ओरखडा पडला तर त्यावर पुन्हा पसरतं. म्हणून नळीच्या आत, बिजागरीला, काडतूस बाहेर ढकलणाऱ्या भागाला तेल. पण जे सरकतं ते ओघळतंही. बंदूक नळी वर करून भिंतीला उभी ठेवली की तेल खाली उतरत उतरत दस्त्याच्या लाकडात मुरतं. आमच्या शेजारच्या एका घरातल्या बंदुकीचा दस्ता मनगटाजवळ, म्हणजे मुठीत धरतो त्या बारीक जागी, काळा, मऊ पडला होता. नखानं दाबलं की खड्डा पडायचा. तीस वर्षं तेल पाजल्याचा तो परिणाम. म्हणून तेल थेंबांत मोजा. चिंधीवर चार थेंब, गजावर घालून नळीत एक फेरी, बस. बिजागरीला एक थेंब. चमकलं पाहिजे, ओलं दिसता कामा नये. आणि ठेवताना नळीचं तोंड खाली किंवा आडवी.

एक इशारा मनापासून देतो. उडवण्याआधी नळीत कोरडी चिंधी फिरवलीच पाहिजे. नळीत साचलेलं तेल किंवा ग्रीस म्हणजे अडथळा. त्यानं दाब वाढतो, नळी फुगू शकते, फाटूही शकते. रात्री डुकरं आली म्हणून घाईनं काडतूस भरणाऱ्यांना हे आठवत नाही. म्हणून ज्या दिवसांत बंदूक लागणार आहे त्या दिवसांत नळीत जाड काही लावूच नका.

एअर रायफलवाल्यांसाठी: आपल्या कोल्हापूरनं तेजस्विनी सावंत, राही सरनोबत या नेमबाज दिल्या, कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य आणलं, तेव्हापासून अनेक पालक मुलांना घेऊन रेंजवर येतात. एअर रायफलच्या दाबाच्या कक्षेत साधं तेल घालू नका, दाबाखाली ते पेट घेऊ शकतं. तिच्यासाठी उत्पादकानं सांगितलेलंच वंगण. बाहेरून मात्र गाल टेकतो आणि हात लागतो तिथला घाम रोज पुसा. स्टेनलेस असलं तरी घामानं त्यालाही डाग पडतात.

६. बाहेर मेण

मेण सरकत नाही, ओघळत नाही, धूळ धरत नाही. हात लागला तरी बोटांचा घाम धातूपर्यंत पोचत नाही. म्हणून नळीच्या बाहेरच्या बाजूला, चापाच्या कडीला, आणि लाकडाखाली झाकल्या जाणाऱ्या नळीच्या पोटाला मेण. ते पोट कुणाला दिसत नाही, म्हणूनच तिथं सगळ्यात जास्त गंज असतो.

संग्रहालयं तलवारी आणि बंदुकांवर मायक्रोक्रिस्टलाइन मेण लावतात. त्यातलं रेनेसाँ वॅक्स ब्रिटिश म्युझियममध्ये १९५० च्या दशकात तयार झालं. डबी महाग वाटते, पण नखावर मावेल एवढं मेण अख्ख्या नळीला पुरतं. मेणबत्तीचं मेण नको, ते तडकून पापुद्रे निघतात. मधमाशांच्या मेणात थोडी आम्लं असतात, ते लाकडाला ठेवा. आणि घरी चुलीवर मेण-टर्पेंटाइन वितळवायला जाऊ नका, टर्पेंटाइनची वाफ भडकते. मोटारीचं पॉलिशही नको, बऱ्याच पॉलिशांत घासणारी भुकटी असते.

लावायची रीत अशी. नळी टर्पेंटाइननं पुसून तेलाचा मागमूस काढा, तेलावर मेण धरत नाही. मे महिन्यातल्या सकाळच्या उन्हात दहा मिनिटं ठेवा, हाताला कोमट लागली पाहिजे. मऊ कापडानं अगदी पातळ थर फिरवा, पाच-दहा मिनिटं वाळू द्या, स्वच्छ कापडानं घासा. मग दुसरा थर. घासून झाल्यावर बोट फिरवलं तर ते न अडकता, कोरडं घसरतं. चिकट लागलं तर थर जाड झालाय, पुन्हा घासा.

मेणाचा एक दोष आहे. ओरखडा पडला की ते आपोआप भरून येत नाही. हाताळणीतली बंदूक असेल तर दर महिन्याला कडा आणि कोपरे बघून पुन्हा लावा.

मी हे काम मृग लागायच्या आठवडाभर आधी करतो. ७ जूनच्या आसपास मृग निघतो, त्याआधीची हवा कोरडी असते, म्हणजे आत कोंडली जाणारी ओलही कमी. भर पावसात मेण लावलं तर ओलीवरच झाकण बसतं.

७. ठेवायची जागा

चामड्याची म्यान किंवा कापडी पिशवी ही नेण्या-आणण्यासाठी. त्यात ठेवून देऊ नका, दोन्ही ओल धरतात. घोंगड्यात गुंडाळायची जुनी सवय आहे, तीही सोडा. (मेंढीच्या लोकरीतून निघणारं लॅनोलिन गंजरोधक म्हणून खरोखर वापरतात, पण ते शुद्ध करून. घोंगडं म्हणजे लॅनोलिन नव्हे.)

खताच्या खोलीत बंदूक कधीच नको. पोटॅशचं खत म्हणजे बहुतेक वेळा क्लोराइडच, मिठाचाच भाऊ, आणि त्याची भुकटी हवेत उडते. आमच्याकडं खुरपी आणि विळे त्या खोलीत किती लवकर गंजतात ते बघा, म्हणजे पटेल.

कुलपाचं लोखंडी कपाट, बाहेरच्या भिंतीपासून थोडं दूर, आत सिलिका जेल. रंग बदलला की ते भरलं असं समजा. ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर काही तास तापवलं की पुन्हा कामाला येतं. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये किंवा भांड्यात तापवू नका. नारंगी दाणे घेतलेले बरे.

एसी गाडीतून बंदूक थेट दमट हवेत काढली की तिच्यावर पाणी सुटतं, थंड पाण्याच्या तांब्यावर सुटतं तसं. बंद पेटीतच अर्धा तास राहू द्या, मग उघडा.

८. खंडेनवमी

पूजा मनापासून करा, पण ओलं गंध आणि हळदकुंकू लोखंडावर लावू नका. ओलसर कुंकवाचा ठिपका रात्रभर राहिला की सकाळी त्याखाली डाग तयार. आम्ही दस्त्याच्या लाकडावर बोटभर कागदाची पट्टी ठेवतो आणि गंध त्यावर लावतो. फुलं आणि आपट्याची पानं पुढं पाटावर, नळीवर नाही. तलवार, दांडपट्टा, भाला असेल तर त्यालाही हाच नियम. मर्दानी खेळवाल्यांच्या शस्त्रांना सरावात घाम लागतो, म्हणून सराव संपला की पाती लगेच पुसा. संध्याकाळी आरती झाली की बंदूक पुसून, हवं तिथं मेण पुन्हा लावून कपाटात.

९. पुराचं पाणी

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पूरपट्ट्यात घर असेल तर ३९ ला पाणी टेकलं की बंदूक माडीवर, किंवा घर सोडायची वेळ आली तर परवान्यासह सोबत. पाणी दारात आल्यावर पहिली आठवण जनावरांची आणि धान्याची येते, येणारच.

तरी बुडाली तर वाळू द्यायच्या आधी हात चालवा. गाळ वाळला की खरडावा लागतो. आधी रिकामी आहे का बघा, मग स्वच्छ पाण्यानं गाळ धुवा, कोरड्या कापडानं टिपा, डब्ल्यूडी-४० फवारून पाणी हटवा, पुसा, तेल लावा. इथं तो फवारा खरा कामाचा. आतल्या यंत्रणेत पाणी गेलंच असणार, म्हणून दोन-तीन दिवसांत दुकानदाराकडून उघडून घ्या. लाकूड उन्हात टाकू नका, तडकेल, सावलीत वाळवा. भिजलेली काडतुसं वापरायची नाहीत. ती वाळवून जपून ठेवायचीही नाहीत, पोलीस ठाण्यात कळवून जमा करा.

१०. जमा करताना

निवडणूक जाहीर झाल्यावर जमा करण्याचं पत्र येतं तेव्हा मुदत थोडी असते, म्हणून आदल्या आठवड्यातच वरची सगळी कामं करून ठेवा. जमेसाठी: नळीत पातळ ग्रीस किंवा व्हॅसलीनचा हलका हात, बाहेर मेणाचे दोन थर, लाकूड पुसून कोरडं. कापडी पिशवी नको. व्हीसीआय कागदात गुंडाळा आणि वर प्लास्टिक. आत सिलिका जेलची पुडी टाका. बंदुकीला चिठ्ठी बांधा: "नळीत ग्रीस आहे, पुसल्याशिवाय वापरू नये."

देण्याआधी दोन्ही बाजूंचे, नंबरचे आणि नळीच्या तोंडाचे फोटो काढा, तारीख दिसेल असे. परवाना मूळ आणि झेरॉक्स दोन्ही न्या. पावतीवर बंदुकीचा नंबर बरोबर लिहिलाय का, ते तिथंच उभं राहून वाचा. पावती परवान्याच्या वहीतच ठेवा, परत घेताना तीच मागतात. आचारसंहिता उठली की पहिल्या आठवड्यात जा. घरी आणल्या दिवशी ग्रीस काढून नळी उजेडाकडं धरून बघा, आणि लाकडाखालचं पोट उघडून बघायला विसरू नका.